अंगावर पाजणे आणि आईची हाडे

अंगावर पाजल्याने बाळंतिणीची हाडे पोकळ होतात, हा घरोघरी ऐकू येणारा समज अर्धाच खरा आहे. बाळ दूध ओढू लागताच मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून दोन संप्रेरके, म्हणजे रक्तातून फिरून दूरच्या अवयवांना कामाला लावणारी द्रव्ये, स्रवतात. त्यांपैकी प्रोलॅक्टिनमुळे दूध तयार होते, तर ऑक्सिटोसिनमुळे पान्हा फुटतो. ऑक्सिटोसिन गर्भाशयालाही आकुंचित करते, म्हणून पहिले काही दिवस बाळ प्यायला लागले की ओटीपोटात कळा येतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बाळंतिणीला त्या अधिक जाणवतात. मात्र याच आकुंचनामुळे रक्तस्राव आटोक्यात राहण्यास मदत होते.

प्रोलॅक्टिन वाढलेले असताना बीजकोशांचे काम मंदावते, पाळी लांबते आणि एस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाची पातळी उतरते. हाडांची गोष्ट येथूनच सुरू होते. केवळ अंगावरच्या दुधावर असलेल्या बाळासाठी आईच्या शरीरातून रोज सुमारे २०० मिलिग्रॅम कॅल्शियम दुधात उतरते, आणि ते पुरवण्यासाठी स्तनांतूनच एक प्रथिन रक्तात मिसळते, जे एस्ट्रोजेनची पातळी कमी असताना हाडांतील कॅल्शियम मोकळे करते. त्यामुळे सहा महिन्यांत कण्याच्या हाडांची घनता साधारण ३ ते ७ टक्क्यांनी घटते. आहार पुरेसा असेल तर कॅल्शियमच्या जादा गोळ्यांनीही ही घट फारशी थांबत नाही, कारण ती उपासमारीतून नव्हे, तर संप्रेरकांच्या हुकमाने होत असते. दूध तोडल्यावर हा हुकूम मागे घेतला जातो आणि बहुतेक स्त्रियांची हाडे सहा ते बारा महिन्यांत पूर्ववत होतात. उतारवयात हाडे मोडण्याचा धोका स्तनपानामुळे वाढत असल्याचेही सर्वसाधारणपणे आढळलेले नाही. उलट, २००२ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३० देशांतील ४७ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणानुसार, स्तनपानाच्या दर १२ महिन्यांमागे स्तनाच्या कर्करोगाचा धोका सुमारे ४.३ टक्क्यांनी कमी होतो.

बाळंतिणीला अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू देणाऱ्या घरांतच पुष्कळदा पथ्याच्या नावाखाली तिच्या ताटातील डाळ, पालेभाजी आणि फळे काढून घेतली जातात, हे मात्र चुकीचे आहे. पहिल्या सहा महिन्यांत तिला रोज सुमारे ६०० कॅलरी जादा लागतात, त्यामुळे हाडांच्या भीतीने बाळाचे दूध लवकर तोडण्यापेक्षा तिला चौरस आहार देणे अधिक शहाणपणाचे ठरते.