इगोरचे छायाचित्र

पाण्याच्या काठाशी एक भला थोरला हत्ती सोंड पाण्यात सोडून उभा आहे. केनियाच्या अँबोसेली राष्ट्रीय उद्यानात निक ब्रँट या ब्रिटिश छायाचित्रकाराने २००७ साली टिपलेले हे कृष्णधवल छायाचित्र. हत्तीचे नाव इगोर. हत्तीला नाव कसे, असे वाटेल. पण अँबोसेलीत सिंथिया मॉस यांनी १९७२ साली सुरू केलेल्या अभ्यासात एकेका हत्तीची नावानिशी नोंद ठेवली जाते.

ब्रँट मूळचे चित्रफितींचे दिग्दर्शक. १९९५ साली मायकेल जॅक्सन यांच्या ‘अर्थ साँग’ या गीताच्या चित्रीकरणासाठी ते टांझानियात गेले आणि तेथील प्राणिसृष्टीने त्यांना कायमचे मोहविले. पुढे त्यांनी कॅमेरा हाती घेतला तो मात्र इतरांहून निराळ्या रीतीने. वन्यजीवांचे छायाचित्रण म्हटले, की दुरून टिपणारी लांबलचक भिंगे आलीच. ब्रँट यांनी ती कटाक्षाने वर्ज्य केली. माणसाचे व्यक्तिचित्र घ्यायचे तर आपण त्याच्या जवळ जातो. मग प्राण्याचे का नाही, हा त्यांचा साधा विचार. प्राण्यापासून काही पावलांवर तासन् तास, प्रसंगी दिवसेंदिवस थांबायचे. त्यांच्या पेंटॅक्स कॅमेऱ्यात फिल्मच्या एका रिळात दहाच छायाचित्रे निघत. हिशेबी माणसालाही ही काटकसर कडक वाटावी!

रंग वगळल्याने काय साधते? लाल माती, हिरवे गवत, निळे आकाश यांनी डोळा सुखावतो खरा, पण तो तेथेच रेंगाळतो. सहलींच्या माहितीपत्रकांतील आफ्रिका ती हीच. रंग निघून गेले, की हत्तीच्या कातडीवरील सुरकुत्यांचे जाळे, कानाची फाटलेली कड, सिंहाच्या आयाळीत शिरलेला वारा आणि मागे दाटून आलेले ढग दिसू लागतात. प्राणी जातीचा नमुना न राहता एक व्यक्ती होतो. क्वचित ही छायाचित्रे अंमळ हळवी वाटतात, जुन्या कौटुंबिक तसबिरींसारखी; परंतु इगोरच्या बाबतीत तो हळवेपणा खोटा ठरला नाही.

इगोर माणसाला बुजत नसे. ब्रँट यांना त्याने अगदी निकट येऊ दिले होते. २००९ साली चोरट्या शिकाऱ्यांनी हस्तिदंतासाठी त्याला ठार केले. माणसाला जवळ येऊ देण्याचा तोच स्वभाव त्यांच्याही पथ्यावर पडला असावा. हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीचा निर्णय १९८९ सालीच झाला होता, हे येथे ध्यानात घ्यावे.

या संहाराने अस्वस्थ होऊन ब्रँट यांनी रिचर्ड बॉनहॅम यांच्यासह २०१० साली ‘बिग लाइफ’ ही संस्था स्थापन केली. अँबोसेली परिसरातील सुमारे १६ लाख एकरांवर तिचे वनरक्षक गस्त घालतात. त्यांत स्थानिक मसाई तरुणही आहेत. २०११ सालच्या एका छायाचित्रात असाच एक वनरक्षक मारल्या गेलेल्या हत्तीचे दोन प्रचंड सुळे हातांनी तोलून धरून उभा आहे. हत्ती चित्रात नाही.

२०१६ सालच्या ‘इन्हेरिट द डस्ट’ या पुस्तकात ब्रँट आणखी पुढे गेले. आपल्या जुन्या प्राणिचित्रांच्या पूर्णाकृती प्रतिमा त्यांनी भव्य फलकांवर लावल्या आणि ते फलक हे प्राणी एकेकाळी जेथे वावरत अशा जागी उभे केले. त्या जागी आता कचऱ्याचे ढीग, दगडखाणी, रस्ते आणि पूल आहेत. पुलाखाली हत्तींचा कळप उभा दिसतो. आसपासची माणसे आपापल्या कामात गढलेली असतात. फलकाकडे बहुधा कोणाचेच लक्ष नसते.