पंजाबी जेवण, घरातलं

पनवेल-कळंबोलीकडच्या हमरस्त्यावरचे ढाबे पाहून पंजाबी जेवण म्हणजे लोणी, मलई आणि काजूची लाल ग्रेव्ही, असा समज होतो. तो स्वाभाविक आहे. आपल्या पानात तेवढंच येतं. पण मराठी जेवण फक्त लग्नाच्या पंगतीवरून ओळखावं आणि रोजचा वरण-भात नजरेआड राहावा, तसं हे झालं. पंजाबी घरात रोज असते ती डाळ किंवा कडधान्य, हंगामी पालेभाजी, रोटी आणि दही. मलईदार ग्रेव्ह्या पसरल्या त्या मुख्यतः फाळणीनंतर, दिल्लीच्या हॉटेलांतून.

राजमाच घ्या. तो रात्रभर भिजवून ते पाणी टाकून द्यावं. कच्च्या राजम्यात लेक्टिन (पोट बिघडवणारं एक प्रथिन) असतं, म्हणून दाणा बोटानं सहज चिरडेपर्यंत कुकरमध्ये शिजवावा. अर्धाकच्चा मुळीच खाऊ नये. दोन चमचे तेलात कांदा तांबूस परतून आलं-लसूण, टोमॅटो घालावा आणि मसाल्याची भुनाई (मंद आचेवर कडेनं तेल सुटेपर्यंत परतणं) करावी. खरी चव इथेच येते. इथे घाई केली, की मलईची आठवण होते. दाटपणासाठी पळीभर राजमा कुस्करून घातला तरी पुरतो. सोबत गरम भात आणि कच्चा कांदा.