सुरतेत बँकांची चुरस : काम वाढतं, पण कुठपर्यंत?

सुरत : उधना, लिंबायत, पांडेसरा भागातल्या खान्देशी माणसाला बँकांचा तोटा नाही. सरकारी आहेत, खासगी आहेत, वर सुरत पीपल्स, सुटेक्स, वराछा अशा सहकारी बँकाही आहेत. यंत्रमागवाल्याला एकीकडे कर्जासाठी खेटे घालावे लागले की तो सरळ शेजारच्या बँकेत जातो. गिऱ्हाईक तुटू नये म्हणून मग बँकही फाइल लवकर हलवते. स्पर्धेचा हा उघड फायदा.

बँकेची उत्पादकता मोजायची सोपी रीत म्हणजे ठेवी आणि कर्जांची बेरीज करून तिला कर्मचाऱ्यांच्या संख्येने भागायचं. गोम इथेच आहे. कर्ज वाटलं की आकडा लगेच फुगतो. ते बुडालं हे कळायला मात्र वेळ लागतो. म्हणजे चुरशीत डोळे झाकून कर्जं वाटणारी बँकही काही काळ कार्यक्षमच दिसते.

गुजरातने हे 2001 मध्ये पाहिलं. अहमदाबादच्या माधवपुरा मर्कंटाइल सहकारी बँकेने शेअर दलालांना भरमसाट कर्जं दिली होती. बाजार कोसळला आणि मार्चमध्ये ठेवीदारांच्या रांगा लागल्या. अनेक लहान सहकारी बँकांच्या ठेवी तिथेच होत्या, त्याही अडकल्या. अशा वेळी कर्मचारी तेवढेच असतात, पण दिवस जातो लोकांना समजावण्यात आणि वसुलीत. 2012 मध्ये या बँकेचा परवाना रद्द झाला.

सरकारी बँकही यातून सुटत नाही. बुडीत कर्जं वाढल्यावर 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेने देना बँकेला नवी कर्जं द्यायला आणि नोकरभरतीला मनाई केली. शाखा उघड्या, पण मुख्य धंदाच थांबलेला. 1 एप्रिल 2019 रोजी विजया बँकेसोबत ती बँक ऑफ बडोदात विलीन झाली. ठेवी सुरक्षित राहिल्या, हे खरं. पण कर्जदाराला घासाघीस करायला दोन दारं कमी झाली, हेही खरंच.

ठेवीदाराने एवढं पाहावं. 4 फेब्रुवारी 2020 पासून ठेवीवरचा विमा 1 लाखाऐवजी 5 लाख रुपये झाला, तोही मुद्दल आणि व्याज धरून. उधन्यात आणि नंदुरबारात एकाच बँकेच्या दोन शाखांत आपल्याच नावाची खाती असली, तरी मर्यादा एकच. आणि गावाकडच्या पतसंस्थेत ठेवलेल्या पैशाला हा विमा लागूच नाही.