शवासन सगळ्यांनाच मानवत नाही

परळच्या केईएम रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात १९७०च्या आगेमागे एक प्रयोग झाला होता. योगदिनाच्या भाषणांत त्याची आठवण सहसा कुणी काढत नाही. डॉ. एन. एस. वाहिया तेव्हा विभागाची धुरा सांभाळत होते. चिंतेने आणि भीतीने पोखरलेले, औषधांनी म्हणावा तसा उतार न पडलेले रुग्ण त्यांच्याकडे येत. वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पतंजलीच्या योगसूत्रांतल्या पाच पायऱ्या उपचारासाठी उचलल्या: आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा आणि ध्यान. रुग्णांनी काही आठवडे रोज तासभर यायचे आणि शिकायचे. मग डॉक्टरी शिस्तीला जागून त्यांनी तुलनेसाठी दुसरा गट केला. त्या गटाकडूनही तशीच दिसणारी आसने आणि तसाच श्वास करून घेतला. फक्त लक्ष कुठे आणि कसे लावायचे, हा भाग वगळला. फायदा पहिल्या गटाला अधिक झाला. हे काम १९७३ मध्ये अमेरिकेतल्या मानसोपचाराच्या एका नियतकालिकात छापून आले. त्या निबंधाच्या लेखकांत दिलीप जेस्ते हे एक तरुण डॉक्टर होते. पुढे २०१२ मध्ये ते अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनचे अध्यक्ष झाले.

त्या प्रयोगातली मेख अशी की दोन्ही गट बाहेरून पाहणाऱ्याला सारखेच दिसले असते. आजच्या बाजारात नेमके उलटे चालते. ‘रागावर पाच आसने’, ‘चिंता घालवणारा तीन मिनिटांचा प्राणायाम’ असे व्हिडिओ रोज फोनवर येऊन आदळतात. त्यांत आसन कसे दिसते ते असते; कुणासाठी, कुठल्या अवस्थेत आणि कुणी मुळीच करू नये, ते नसते. योगवर्ग आणि योगोपचार यांतला फरक तिथेच आहे. वर्गात चाळीस जण एकच गोष्ट करतात. योगोपचारात आधी माणसाची झोप, भूक, पोट, चालू औषधे, जुनी दुखणी विचारली जातात, त्याचा श्वास छातीत चालतो की पोटापर्यंत जातो हे पाहिले जाते आणि मग त्याच्यापुरते काहीतरी ठरते. ते कधीकधी इतके साधे असते की पैसे मोजून आलेल्याचा हिरमोड व्हावा.

राग आला की जबडा आवळतो. भीतीने पोटात गोळा येतो, हातपाय गार पडतात. रडू दाबले की घशाशी आवंढा अडकून बसतो. अशा वेळी घरातले कुणीतरी ‘शांत हो’ म्हणते. हा सल्ला बहुधा वाया जातो, कारण तो मनाला दिलेला असतो आणि मन त्या घटकेला कुणाचेच ऐकत नसते. पतंजलीने ही अडचण हेरली होती. चित्ताच्या विक्षेपांबरोबर येणाऱ्या चार गोष्टी त्याने पहिल्याच पादात नोंदवल्या आहेत: दुःख, खिन्नता, अंगाला सुटणारा कंप आणि बिघडलेला श्वासोच्छ्वास. चारांतल्या दोन उघडउघड शरीराच्या आहेत. चित्त प्रसन्न करण्याचे पर्याय देताना त्याने श्वास बाहेर सोडण्याचाही पर्याय दिला आहे. भावनेशी वाद घालत बसण्यापेक्षा तिने शरीरात जिथे ठाण मांडले आहे तिथून सुरुवात करा, असे त्याचे सांगणे दिसते.

यामागचे शरीरशास्त्र आता बरेच कळलेले आहे. हृदयाचे ठोके, पचन, घाम यांवर आपला हुकूम चालत नाही. श्वास मात्र आपोआपही चालतो आणि आपल्या मर्जीनेही. श्वास आत घेताना हृदयाची गती किंचित वाढते, सोडताना किंचित उतरते. मेंदूपासून पोटापर्यंत गेलेली व्हेगस नावाची नस हे घडवून आणते. म्हणून उच्छ्वास लांबवला की हृदयाला सावकाश होण्याचा निरोप जातो, तोही मनाची परवानगी न घेता. विश्रांतीत निरोगी प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. हा आकडा सहाच्या आसपास आला की हृदयगती आणि रक्तदाब यांच्या लहरी श्वासाच्या लयीशी जुळू लागतात. इटलीतले लुचियानो बर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३ निरोगी माणसांकडून एकदा लॅटिनमधली ‘आवे मारिया’ प्रार्थना आणि एकदा ‘ओम मणि पद्मे हुम्’ हा मंत्र म्हणवून घेतला. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सहाच्या जवळपास आला. हा निबंध २००१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. देवघरापुढे बसून माळ ओढणाऱ्या आपल्या आज्यांचा श्वास कुणी मोजला असता तर काय आकडा निघाला असता, याचे मला कुतूहल आहे.

महाराष्ट्राला या विषयात मागे वळून पाहण्यासारखे पुष्कळ आहे. श्रीयोगेंद्रांनी १९१८ मध्ये वर्सोव्यात योग इन्स्टिट्यूट सुरू केली. ती पुढे सांताक्रूझला स्थिरावली. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम उभारले आणि योगक्रिया क्ष-किरणांखाली, दाबमापकाला जोडून तपासायला सुरुवात केली. कैवल्यधामच्याच डॉ. विणेकरांना बरोबर घेऊन केईएमचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवले आणि १९६९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. अनेकांचा रक्तदाब उतरला, काहींच्या औषधांची मात्रा कमी करता आली. शवासनाला डॉक्टरांच्या जगात प्रतिष्ठा मिळाली ती अशा कामामुळे. पण दाते यांच्यापुढे रक्तदाबाचे रुग्ण होते. तेच शवासन उदास माणसाला दिले तर काय होते, हा प्रश्न वेगळा आहे.

खोल नैराश्यात असलेल्या माणसाला अंधाऱ्या खोलीत डोळे मिटून वीस मिनिटे पडून राहायला सांगणे म्हणजे त्याला त्याच्याच विचारांच्या ताब्यात देणे. तो घरी दिवसभर तेच करत असतो. पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी हे फार बारकाईने पाहिले होते. त्यांच्या पद्धतीत उदास विद्यार्थ्याची छाती उघडली जाते: पाठीखाली लोड किंवा ठोकळा, खुर्चीच्या आधाराने मागे झुकणे, दोऱ्यांच्या मदतीने लटकणे, आणि डोळे उघडे. पुढे वाकून स्वतःत मिटून जाण्याची आसने मागाहून. अय्यंगारांचा शिस्तीचा बडगा सगळ्यांना आठवतो. आजारी माणसाला कमीत कमी कष्टात आसनात राहता यावे म्हणून त्यांनी लाकडी ठोकळ्यांपासून पट्ट्यांपर्यंत केलेली साधनांची खटपट मला त्याहून मोठी वाटते.

नैराश्यावर श्वसनक्रियांचा कितपत उपयोग होतो, याची एक मोजणी बंगळूरच्या निम्हान्समध्ये झाली. रुग्णालयात दाखल झालेल्या, तीव्र नैराश्याच्या ४५ रुग्णांचे तीन गट केले गेले. एकाला विजेचे उपचार, दुसऱ्याला इमिप्रामिन हे औषध, तिसऱ्याला सुदर्शन क्रिया. २००० साली आलेल्या अहवालानुसार चार आठवड्यांनी विजेच्या उपचारांच्या गटात ९३ टक्के, औषधाच्या गटात ७३ टक्के आणि सुदर्शन क्रियेच्या गटात ६७ टक्के रुग्ण लक्षणमुक्त झाले होते. योगाचे भक्त यातला शेवटचा आकडा उचलतात आणि शंकेखोर पहिला. मला महत्त्वाचे वाटते ते हे की ही माणसे रुग्णालयात होती, डॉक्टरांच्या नजरेखाली होती आणि एका गटात जेमतेम पंधरा जण होते. या आकड्यांवरून कुणाला गोळ्या बंद करायचा सल्ला देणे गुन्ह्याच्या जवळ जाणारे आहे.

चिंतेची गोष्ट आणखी निराळी. चिंताग्रस्त माणूस आधीच वरच्यावर, भराभर श्वास घेत असतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, बोटांना मुंग्या येतात, डोके हलके होते, आणि ‘मला काहीतरी होतंय’ ही भीती दुणावते. अशा माणसाला भस्त्रिका किंवा मिनिटाला साठ-सत्तर स्ट्रोकची कपालभाती करायला लावली तर आगीत तेलच पडते. तरीही सकाळच्या उद्यानवर्गांत सगळ्यांना सरसकट कपालभाती वाटली जाते. गर्भवती, उच्च रक्तदाब, हर्निया किंवा अपस्मार असलेले, उन्मादाचे झटके येऊन गेलेले, अशा सगळ्यांनी तिच्यापासून जपून राहायचे असते. पण विचारतो कोण? चिंता असेल तर खुर्चीत बसा, पाय जमिनीला पूर्ण टेकू द्या, डोळे उघडे ठेवून समोरच्या भिंतीवर नजर स्थिर करा. चार आकड्यांत श्वास आत, सहा आकड्यांत बाहेर. मध्ये रोखायचा नाही. भ्रामरीचा गुंजारवही याच कामाचा, कारण गुणगुणताना उच्छ्वास आपोआप लांबतो. आणि श्वासाकडे लक्ष दिल्यानेच कुणाला धास्ती वाटत असेल, जे अनेकांना होते, तर श्वास सोडून द्यावा. हात सावकाश वर-खाली करावेत, तळव्यांचा जमिनीला होणारा स्पर्श जाणवून घ्यावा. गरगरले की थांबावे. त्यात हार-जीत नसते.

रागाबद्दल आपल्याकडे एक लाडका समज आहे: तो बाहेर काढला की मोकळे वाटते. उशी बडवा, ओरडा, मैदानाला चार फेऱ्या मारा. २०२४ मध्ये १५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात शरीराचा उद्रेक वाढवणाऱ्या गोष्टींनी राग एकंदरीत कमी होत नाही असे दिसले. पळण्याने तर तो वाढलेलाही आढळला. संथ श्वास, शिथिलीकरण, ध्यान आणि संथ योगासनांनी तो उतरला. तेव्हा रागावलेल्या मुलाला ‘जा, धावून ये’ म्हणणाऱ्या बापाने जरा थांबावे. मात्र राग उतरवणे म्हणजे तो गिळणे नव्हे. ज्या अन्यायाने राग आला तो दीर्घ श्वासानंतरही तिथेच असतो. फक्त त्याबद्दल काय करायचे हे जरा बऱ्या डोक्याने ठरवता येते. कामाच्या जागी पिळवणूक चालू ठेवून कर्मचाऱ्यांसाठी ध्यानशिबिरे भरवणाऱ्या व्यवस्थापनांना हे कुणीतरी ऐकवायला हवे.

ज्यांनी हिंसा किंवा अत्याचार सोसले आहेत त्यांच्याबाबतीत सगळ्यात जास्त जपावे लागते. अमेरिकेत बॉस्टनमध्ये बेसेल व्हॅन डर कोल्क यांनी अशा ६४ स्त्रियांवर अभ्यास केला. त्यांच्यावर आधीचे उपचार लागू पडले नव्हते. दहा आठवडे, आठवड्याला तासभर योग. शेवटी योगगटातल्या ५२ टक्के स्त्रिया आघातोत्तर तणावाच्या निदानात बसेनाशा झाल्या. तुलनेच्या गटात हे प्रमाण २१ टक्के होते. निष्कर्ष २०१४ मध्ये आले. तिथली शिकवण्याची रीत आपल्या वर्गांनी पाहण्यासारखी आहे. शिक्षक हुकूम सोडत नाही, ‘वाटले तर हात वर करून पाहा’ असे सुचवतो. आसन सुधारण्यासाठी अंगाला हात लावत नाही. डोळे मिटण्याची सक्ती नाही. ज्या बाईचे तिच्या शरीरावर काही चालले नव्हते, तिला इथे हात किती उचलायचा हे स्वतः ठरवता येते. न विचारता पाठीवर हात ठेवून कंबर दाबणारे आपले गुरुजी कितीही मायाळू असोत, अशा बाईसाठी तो स्पर्श औषध होत नाही.

मत्सरासाठी मात्र श्वासाचा उपयोग मला फारसा दिसत नाही. तिथे पतंजलीचा दुसरा उपाय कामाचा: सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाबद्दल करुणा, पुण्यवंताबद्दल आनंद आणि दुष्टाबद्दल उपेक्षा. शेजाऱ्याने नवी गाडी घेतल्यावर पेढा खाताना यातले पहिले कलम पाळून पाहा. शीर्षासन सोपे वाटेल. शोकाबद्दल इतकेच म्हणेन की तो आजार नाही. जवळचे माणूस गेल्यावर योगोपचाराने फार तर झोप लागेल, दोन घास पोटात जातील, छातीवरचा दाब थोडा हलेल. त्याहून जास्त कुणी कबूल करत असेल तर त्याच्याकडे जाऊ नये.

योगोपचार घ्यायचा ठरवलात तर पहिल्याच भेटीत दोन गोष्टी पाहा: शिक्षक तुमची औषधे विचारतो का, आणि ‘हे तुम्ही करू नका’ असे काही सांगतो का. सांगत नसेल तर दुसरा शोधा. मनोविकाराची गोळी स्वतःच्या मनाने किंवा योगशिक्षकाच्या सांगण्यावरून बंद करू नका. मात्रा बदलायची तर ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांनीच. जगणे नकोसे झाल्याचे विचार येत असतील तर आसनांची वाट पाहू नका. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा चोवीस तास चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येते. क्रमांक आहे १४४१६.