‘वनस्पतिनाशक’ या शब्दाची मर्यादा

शब्द वस्तूचे ज्ञान करून देतो, तसाच तो वस्तू झाकूनही ठेवतो. व्हिएतनाम युद्धात फवारलेल्या रसायनांना ‘वनस्पतिनाशक’ हे नाव दिले गेले. त्यांचा घात झाडाझुडपांपुरताच होता, असे त्यातून सूचित होते. वस्तुस्थिती निराळी आहे.

इ. स. १९६२ ते १९७१ या काळात अमेरिकी सैन्याने दक्षिण व्हिएतनामवर ७ कोटी लिटरांहून अधिक वनस्पतिनाशके फवारली. जंगलाचे छत्र मोडून शत्रूचा आसरा काढून घेणे आणि पिके नष्ट करून त्याचे अन्न तोडणे, असे यामागे दोन हेतू होते. पिंपांवरील रंगीत पट्ट्यांवरून या द्रव्यांना नावे पडली. सर्वाधिक वापर झाला तो ‘एजंट ऑरेंज’चा.

हे द्रव्य म्हणजे २,४-डी आणि २,४,५-टी या दोन रसायनांचे समप्रमाणातील मिश्रण होय. ही रसायने वनस्पतीच्या वाढीच्या संप्रेरकाची नक्कल करतात. वाढ अनिर्बंध होऊन झाड मरते. तथापि २,४,५-टी तयार होत असताना टीसीडीडी नावाचे डायॉक्सिनही उपजते. पाने गाळण्यासाठी त्याची आवश्यकता नव्हती. केवळ अशुद्धी म्हणून ते पिंपात उतरले. हे विष पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ते गाळाला चिकटते, मासे व बदके यांच्या चरबीत साठते, अन्नावाटे माणसात शिरते आणि मातेच्या दुधातून अर्भकापर्यंत पोहोचते. ते कर्करोगकारक आहे. मानवी शरीरातील त्याचे प्रमाण निम्म्यावर येण्यास कित्येक वर्षे लागतात.

२,४,५-टीमुळे प्रयोगशाळेतील प्राण्यांच्या पिलांत जन्मजात व्यंगे उद्भवतात, हे १९६९ मध्ये उघड झाले. १९७० मध्ये एजंट ऑरेंजचा वापर स्थगित करण्यात आला. त्याच वर्षी वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर गॅल्स्टन यांनी अशा विध्वंसासाठी ‘इकोसाइड’, म्हणजे निसर्गसंहार, हा शब्द योजला.

आता न्यायाचा प्रश्न पाहू. या रसायनांच्या उत्पादकांनी अमेरिकी माजी सैनिकांशी १९८४ मध्ये १८ कोटी डॉलरची तडजोड केली. व्हिएतनामी पीडितांचा दावा मात्र अमेरिकी न्यायालयाने २००५ मध्ये फेटाळला आणि २००८ मध्ये अपिलातही तोच निर्णय कायम राहिला. ही द्रव्ये माणसांवर विष म्हणून वापरण्याचा हेतू नव्हता, हा त्यामागील एक प्रमुख आधार होता. ज्या नावाने वस्तू झाकली, त्याच नावाने उत्तरदायित्वही झाकले गेले.

जमीन मात्र हेतू जाणत नाही. दा नांग विमानतळावर, जेथे ही पिंपे साठवली जात, दूषित मातीच्या शुद्धीकरणाचे काम २०१२ ते २०१८ पर्यंत चालले. बिएन होआ येथे ते २०१९ मध्ये सुरू झाले. फवारणी थांबून तेव्हा जवळजवळ अर्धशतक लोटले होते. म्हणून शस्त्राचा विचार करताना ते कोणावर रोखले होते एवढे पाहून भागत नाही. ते कोणापर्यंत पोहोचले, हेही पाहावे लागते.