दगड आधी हवेवर आदळला!

लोणारच्या सरोवराच्या काठावर कधी उभे राहिलात का? नसाल, तर घरच्यांच्या मागेच लागा. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या काळ्या बेसॉल्ट खडकात जवळजवळ १.८ किलोमीटर रुंदीचं हे विवर आकाशातून आलेल्या एका अशनीनं खणलं. कधी? एका मोजणीनुसार सुमारे ५२ हजार वर्षांपूर्वी, दुसरीनुसार सुमारे ५ लाख ७० हजार! तो जमिनीवर आदळला हे सगळेच सांगतात. पण त्याआधी तो हवेवर आदळला, ती गंमत ऐका.

शंकरपट पाहिलाय ना? बैलजोडी सुटते, "सरका, सरका!" अशी हाक पुढे जाते आणि माणसं बाजूला होतात. हवेलाही अशीच खबर लागते. ही खबर आवाजाच्या वेगानं जाते, सेकंदाला सुमारे ३४० मीटर. अवकाशातून येणारा दगड मात्र सेकंदाला निदान ११ किलोमीटर वेगानं हवेत शिरतो. खबर पोचायच्या आत दगडच हजर! हवेला सरकायला वेळ मिळत नाही, ती दगडापुढे चेंगरते. जिथं दाब एका झटक्यात चढतो, ती आघातलाट.

आता सायकलचा पंप आणा. त्याचं तोंड बोटानं बंद करा आणि दट्ट्या पाचसहा वेळा जोरात दाबा. पंपाचं टोक कोमट लागेल. दाबलेली हवा तापते! उल्का पेटते तीही मुख्यतः अशी. नुसती हवेला घासून नव्हे.

पण एवढी धगधगती हवा मोजणार कोण? इथं संगणक कामाला येतो. हवेचे लाखो बारीक खण पाडायचे. प्रत्येक खणात दाब किती, तापमान किती, हवा किती आणि कुठं निघाली, हे लिहायचं. मग क्षणाचा अगदी छोटा तुकडा पुढे सरकायचं आणि शेजारच्या खणातून काय आलं, काय गेलं, याचा हिशेब मांडायचा. पुन्हा सरकायचं, पुन्हा हिशेब. आघातलाट फार पातळ असते, म्हणून तिच्याजवळ खण आणखी बारीक करावे लागतात. मोठे ठेवले, तर लाट पसरट आणि धूसर दिसते.

१५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातल्या चेल्याबिन्स्कवर सुमारे २० मीटरचा दगड जमिनीपासून जवळजवळ ३० किलोमीटर उंचीवर फुटला. नासाच्या एम्स केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी ती लाट संगणकावर पुन्हा घडवून पाहिली. त्या दिवशी लखलखाट बघायला माणसं खिडकीशी गेली. मिनिटा-दोन मिनिटांनी लाट पोचली, काचा फुटल्या आणि हजाराहून जास्त लोक जखमी झाले.

आकाशात कधी असा झगझगीत उजेड दिसला, तर खिडकीकडे धावू नका. उजेड आधी येतो, लाट मागून.