जोडवाहनांचा वायुरोध व इंधनबचत

ओढणारे वाहन (ट्रक किंवा ट्रॅक्टर) आणि त्यास जोडलेला ट्रेलर यांच्या गतीला हवेकडून होणाऱ्या विरोधास जोडवाहनाचा वायुरोध म्हणतात. तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की वायुरोध चौपट होतो आणि त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती आठपट होते. चाकांचा लोटणरोध मात्र मुख्यतः वजनावर अवलंबून असतो.

वाळवा तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेल्या ईश्वरपूरच्या (पूर्वीचे इस्लामपूर) परिसरात या दोन्ही विरोधांची उदाहरणे शेजारीशेजारी आढळतात. पेठ नाक्यावरून जाणाऱ्या पुणे–बंगळूर महामार्गावर मालवाहू ट्रेलर धावतात, तर गळीत हंगामात साखराळे येथील राजारामबापू पाटील सहकारी साखर कारखान्याकडे उसाने भरलेल्या ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर संथपणे जात असतात.

महामार्गावरील ट्रेलर

ताशी ८० किमी वेगाने जाणाऱ्या सुमारे ४० टनी ट्रेलरच्या बाबतीत वायुरोध जवळजवळ लोटणरोधाच्या बरोबरीला येतो. हवा प्रामुख्याने केबिनच्या दर्शनी भागावर, केबिन व ट्रेलर यांमधील फटीत, चाकांभोवती आणि मागील सपाट बाजूमागे होणाऱ्या भोवऱ्यांत अडथळा निर्माण करते. त्यामुळे टपावर उतरता पत्रा बसवणे, फट कमी करणे, ट्रेलरच्या दोन्ही बाजू खालपर्यंत झाकणे आणि मागील बाजू निमुळती करणे हे उपाय केले जातात. अमेरिकेच्या नासा संस्थेने १९७३ पासून कॅलिफोर्नियातील एडवर्ड्स येथे खोक्यासारख्या गाडीवर प्रयोग केले. केवळ उभ्या व आडव्या कडा गोलाकार केल्याने वायुरोध निम्म्याहून अधिक घटला. उघड्या ट्रेलरवरील सैल, फडफडणारी ताडपत्री घट्ट बांधणे हा त्यातल्या त्यात बिनखर्चाचा उपाय होय.

उसाची ट्रॉली

येथे हिशेब पालटतो. एकूण वजन २५ टन, लोटणरोध गुणांक ०.०१५, दर्शनी क्षेत्रफळ ९ चौ.मी. व वायुरोध गुणांक १ धरल्यास ताशी २० किमी वेगाला लोटणरोध सुमारे ३,७०० न्यूटन, तर वायुरोध जेमतेम १७० न्यूटन येतो. उसाच्या ट्रॉलीला पत्रे लावून डिझेल वाचवण्याची कल्पना म्हणूनच व्यर्थ ठरते. टायरमधील योग्य हवा, वंगण दिलेले बेअरिंग, एका रेषेत चालणारी चाके आणि शेतातून डांबरी सडकेपर्यंतचा पक्का पाणंद रस्ता यांनी खरी बचत होते. मऊ मातीत लोटणरोध कित्येक पटींनी वाढतो. कारखान्याच्या आवारात रांगेत उभे असताना इंजिन बंद ठेवणे हाही त्याच हिशेबाचा भाग आहे. उसाबरोबर आलेले पाचट व माती यांचे वजनही डिझेल खर्चूनच वाहिले जाते.

महाराष्ट्रात तोडणी व वाहतुकीचा खर्च ऊसदरातून वजा होतो. त्यामुळे वाहतुकीच्या खर्चाचा प्रश्न वाहनमालकापुरता राहत नाही, तो शेतकऱ्याच्या बिलापर्यंत पोहोचतो. ट्रॉलीबाहेर डोकावणारे ऊस कापून मोळ्या आत बसवण्याचा लाभ इंधनापेक्षा सुरक्षिततेच्या दृष्टीने मोठा आहे, कारण रात्री मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला ते दिसत नाहीत.